वरचा बोल्ट आधी

ऑगस्टीनच्या घरात कायदे फार नव्हते. घरी उशिरा आलात तरी चालायचं, चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसून पेंगलात तरी चालायचं. पण एका कायद्याला अपील नव्हतं. जो गाडीखाली जाऊन क्राउनचं तेल बदलेल, त्यानेच स्टिअरिंगला हात लावायचा.

क्राउन म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन्ही चाकांना वाटून दिली जाते. आतली दातेरी चाकं जाड तेलात बुडालेली असावी लागतात, नाहीतर ती एकमेकांना खातात. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, पण पोयसरच्या गावठाणात पुस्तकातल्या नावाने कोण कुणाला हाक मारतं?

गाडी होती १९७८ची पद्मिनी, सायीच्या रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. ऑगस्टीनने ती लग्नाच्या वर्षी जुनी घेतली आणि पुढची एक्केचाळीस वर्षं तिच्या उजव्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. मुलगा फ्लॉयड कॅनडाला गेला तोवर त्याने ती फक्त धुतली होती. जोसेफीनचं तर विचारायलाच नको. टेलिफोन खात्यात असताना तिने सांताक्रूझला शिकून लायसन्स काढलं, वेळोवेळी त्याची मुदत वाढवून घेतली, मुलीची, म्हणजे आयव्हीची, छोटी गाडी बोरिवलीहून कितीदा तरी चालवत आणली. पण पद्मिनी? "तू कधी खाली गेलीस काय?" ऑगस्टीन विचारायचा आणि विषय तिथेच संपायचा. गाडी तिचीही होती, पण डाव्या बाजूने.

तो मात्र खाली जायचा. दरवर्षी, न चुकता, मसाल्याच्या दिवशी.

मसाल्याचा दिवस काय असतो हे ज्याच्या नाकाने सोसलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मे महिन्याच्या उन्हात वर्षभराचा बाटली मसाला करायचा. अंगणभर चटयांवर मिरच्या, चुलीवर भाजले जाणारे पंचवीस-तीस जिन्नस, मुसळं घेऊन आलेल्या कुटणाऱ्या बाया, आणि धुऊन सुकवून ओळीने उभ्या केलेल्या बिअरच्या रिकाम्या बाटल्या. घरादाराचे डोळे वाहतात, शेजारचं मांजरसुद्धा शिंकतं. गावठाणातले पुरुष त्या दिवशी कुठे गडप होतात ते सेंट अँथनीलाच ठाऊक. पण ऑगस्टीन पळणाऱ्यातला नव्हता. सकाळी नऊला फळी, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीखाली शिरायचा तो चारला बाहेर यायचा, हात कोपरापर्यंत काळे. "बाकीचे बघा कुठे उलथलेत," जोसेफीन शिंकत शिंकत जावांना ऐकवायची, "आणि माझा माणूस बघा. सुट्टीच्या दिवशी पण कामात."

यंदा जानेवारीत त्याचा डावा गुडघा बदलला. नवा गुडघा झकास बसला, पण डॉक्टरांनी साफ सांगितलं, क्लच विसरा. गाडीवर ताडपत्री पडली. तीन महिने ऑगस्टीन व्हरांड्यातून त्या ताडपत्रीकडे बघत बसला, आणि ईस्टरनंतरच्या शुक्रवारी, बोंबलाच्या कालवणात मान घालून, त्याने बातमी सांगितली. मुलुंडचा मुकुल म्हणून एक जण होता, लग्नांना आणि जाहिरातींना जुन्या गाड्या भाड्याने देणारा. तो रविवारी अकराला येऊन पद्मिनी घेऊन जाणार होता.

जोसेफीनने वाढायची पळी परत पातेल्यात ठेवली. दोन्ही मुलं त्या गाडीतून घरी आली होती, सासू त्याच गाडीतून शेवटची चर्चला गेली होती. आणि खरं सांगायचं तर तिला नुसती गाडी राहायला नको होती. तिला ती चालवायची होती, कधीपासूनची.

"मी चालवते," ती म्हणाली.

"कायदा माहीत हाय ना?"

"हाय. उद्या तेल बदलते."

ऑगस्टीन इतका हसला की त्याला ठसका लागला आणि तिलाच त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. "बदल," तो डोळे पुसत म्हणाला. "बदललंस तर चावी तुझी, मुकुलला मी स्वतः फोन करून नको सांगतो. नाय जमलं तर रविवारी तोंडातून शब्द काढायचा नाय. बोल?"

"बोल काय? पाने कुठे ठेवलेस ते सांग."

शनिवारी सकाळी ती स्टेशनाजवळच्या पार्टच्या दुकानातून नव्वद नंबरच्या तेलाच्या दोन बाटल्या घेऊन आली, फ्लॉयडची जुनी पँट चढवली आणि केसांना रुमाल बांधला. ऑगस्टीन अंगणात खुर्ची टाकून, गुडघा स्टुलावर ठेवून तयारच होता. शेजारी बाळ. हा समोरच्या सोसायटीतला, पालिकेतून रिटायर झालेला, ऑगस्टीनचा पन्नास वर्षांचा दोस्त. नाव बाळ, वय सत्तर. त्याला सायकलही येत नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दल त्याची मतं फार ठाम होती. उंटावरून शेळ्या हाकणारे दोघे, आणि शेळी एकच.

"पुढच्या चाकांना दगड लावलेस?"

"लावले."

"जॅक मधोमध घ्या, वहिनी."

"भावजी, जॅक कुठे घ्यायचा ते गाडीवर लिहिलेलं हाय."

तिने गाडीचा मागचा भाग उचलला, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली. मग फळीवर पाठ टेकली आणि टॉर्च, पाना आणि जुनी परात घेऊन सरपटत आत गेली. आधी तिला भीती वाटली. एवढं मोठं धूड नाकापासून वीतभर अंतरावर होतं. पण घोड्या पक्क्या होत्या, आणि दोन श्वासांनंतर तिला कळलं की खाली चक्क गार आहे.

"दिसला गोळा?" वरून ऑगस्टीन.

"दिसला. भोपळ्याएवढा हाय."

"त्याच्या बुडाला बोल्ट हाय. तो खोल आणि तेल जाऊ दे."

"आणि नवीन कुठून भरायचं?"

"वरच्या अंगाला दुसरा बोल्ट हाय. त्याचं नंतर बघू."

"त्याचं आधी बघते."

"अगं, आधी रिकामं करतात, मग भरतात!"

"मुंबईत ऱ्हातोस ना? पिंप ओतून टाकायच्या आधी नळाला पाणी आलंय का ते बघतात. खालचं तेल सोडलं आणि वरचा बोल्ट उघडलाच नाय तर? कोरडी गाडी घेऊन बसायचं काय?"

"पॉइंट आहे वहिनींचा," बाळ म्हणाला.

"तू गप रे बाळ्या. उघडेल गं! दरवर्षी उघडतो मी!"

जोसेफीनने टॉर्च वरच्या बोल्टवर धरला. मग आणखी जवळ नेला. मग पदर नव्हता म्हणून शर्टाच्या बाहीने पुसून बघितलं.

गाडीला खालून काळा जाड रंग होता, गंज लागू नये म्हणून मारलेला. तो कधी मारला ते तिला पक्कं आठवत होतं. आयव्हीच्या लग्नाच्या आधी, २००६ साली, वाकोल्याच्या एका गॅरेजात. त्याच्या वासाने नवरीला चर्चच्या वाटेवर मळमळलं होतं. तो रंग गोळ्यावरून बोल्टवर आणि बोल्टवरून परत गोळ्यावर एकसंध गेला होता. कुठे चीर नाही, कुठे पान्याचा ओरखडा नाही. बोल्ट कुठे संपतो आणि गोळा कुठे सुरू होतो ते तिला नखाने शोधावं लागलं. तिने खालचा बोल्ट बघितला. त्याचीही तीच कथा.

मग तिला गाडीच्या सांगाड्याच्या पट्टीच्या खाचेत काहीतरी खोचलेलं दिसलं. ओढून काढलं तर वर्तमानपत्राची घडी, २०१९च्या मे महिन्यातली. शब्दकोडं. उभे शब्द सगळे भरलेले, आडवे अर्धे, अक्षर ऑगस्टीनचं. घडीच्या आत पेन्सिलीचा तुकडा आणि पेपरमिंटचे दोन कागद.

एकोणीस वर्षं! एकोणीस मे महिने ती वर डोळे चोळत होती आणि हा इथे गारव्यात आडवं-उभं करत होता. आणि ते काळे हात? बाहेर येताना स्प्रिंगच्या पट्ट्यांवरचं वंगण फासून घेत असणार, दुसरं काय. जावांना दाखवलं होतं तिने, माझा माणूस बघा म्हणून.

तिने ओरडायला श्वास घेतला. एक वाक्य पुरलं असतं. कायदा तिथेच मेला असता, चावी आपोआप हातात आली असती, आणि बाळने दुपारच्या जेवणाआधी ही गोष्ट पोयसरभर केली असती.

पण श्वास घेतला तो तिने तसाच हळूहळू सोडून दिला. खाली शांत होतं. वर मोबाइल वाजत होता, तो तिला उचलायचा नव्हता. कुकरची शिट्टी झाली, ती कुणा दुसऱ्याची होती. सकाळी उठल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडून कुणाला काही नको होतं. किती वर्षांनी असं पडायला मिळालं, ती मोजू लागली आणि तिला एकही दिवस आठवेना. मग तिला त्याचा राग यायच्या ऐवजी हेवा वाटला, आणि हेव्यावरून हसू आलं. ती आवाज न करता हसत राहिली, इतकी की फळी हलायला लागली.

"जोसे?" वरून आवाज आला. मघाचा आवाज नव्हता तो. प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून आलेला फ्लॉयड असाच बोलायचा. "दिसला का बोल्ट?"

जानेवारीपासून ती या माणसाला आंघोळ घालत होती, मोजे चढवत होती. वॉकर धरून अंगण ओलांडताना तो कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही. सगळं गेल्यावर त्याच्याजवळ एवढा एक कायदाच उरला होता, तोही आतून पोकळ. झाकली मूठ सव्वा लाखाची, तिने ठरवलं. उघडून आपल्याला काय मिळणार? बाळला मात्र वर्षभराचं चऱ्हाट मिळेल.

"दिसला की," ती म्हणाली. "एकदम साफ हाय. दरवर्षी उघडतात ना, तसा."

वर खुर्ची करकरली.

"भावजी," तिने हाक मारली, "तुमच्या घरी जाऊन वसुधावहिनींकडून एखादी फाटकी चादर आणता काय? तेल पुसायला लागेल."

बाळ गेला. फाटकाची कडी वाजेपर्यंत ती थांबली.

"ऑगी."

"काय?"

"लांब पाइप दे. आणि हातोडा."

खुर्ची मागे सरकली. मग बंपरखालून पाइप आत आला. त्यामागून हातोडा. आणि त्यामागून ऑगस्टीनचा चेहरा, आडवा, कानापर्यंत लाल. नवा गुडघा सरळ ठेवून तो जमिनीवर बसला होता. डॉक्टरांनी जमिनीवर बसायची मनाई केली होती. त्याने तोंड उघडलं.

"काय बोलू नको," जोसेफीन म्हणाली. "बाळ्या येईल. मी पाना धरते, तू ओढ."

तिने हातोड्याने ठोकून रंग फोडला, पाना बसवला, पान्याच्या दांड्यात पाइप घातला. पाइपचं दुसरं टोक बंपरखालून बाहेर निघालं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी धरलं. एकदा ओढलं, काही नाही. दुसऱ्यांदा तिने पायाने रेटा दिला, पाइपच वाकतो की काय असं वाटलं. तिसऱ्यांदा "कट्ट" असा आवाज झाला आणि ऑगस्टीन मागे कोपरांवर आपटला.

"गुडघा?" ती घाबरून ओरडली.

"बोल्ट!" तो ओरडला.

मग दोघांना हसू आवरेना. ती गाडीखाली, तो धुळीत उताणा, आणि दोघं एकमेकांना गप्प राहायच्या खुणा करतायत. खालचा बोल्ट तेवढा हट्टी नव्हता, दोन झटक्यांत आला. बाळ चादर घेऊन परतला तेव्हा परातीत तेल पडत होतं.

"उघडला एवढ्यात?"

"मग काय," ऑगस्टीन जमिनीवरूनच म्हणाला. "दरवर्षी उघडणारा बोल्ट तो."

"आणि तू खाली का बसलायस?"

"बायको काम करते आणि मी खुर्चीवर बसू काय? लाज हाय का नाय?"

बाळने परातीत डोकावून बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. तेल डांबरासारखं काळं होतं, त्यात लोखंडाची चांदीसारखी भुकटी चमकत होती आणि सडलेल्या अंड्यांचा वास सुटला होता.

"हे एका वर्षाचं?"

"मुंबईची हवा, भावजी," जोसेफीन खालून म्हणाली. "काय करणार!"

नवं तेल भरायला ऑगस्टीनकडे पिचकारी होती म्हणे, पण ती सापडली नाही, आणि ती कधी होती का हे जोसेफीनने विचारलं नाही. तिने ख्रिसमसची वाइन एका बरणीतून दुसरीत घ्यायची रबरी नळी आणायला सांगितली. खालचा बोल्ट घट्ट केला, नळीचं एक टोक वरच्या भोकात घातलं, दुसऱ्या टोकाला नरसाळं लावून ऑगस्टीनच्या हातात दिलं.

"उंच धर. आणि सावकाश ओत, खाली बुडबुडा अडकेल."

"तुला कसं माहीत?"

"चाळीस वर्षं वाइन कोण भरतंय घरात?"

तेल मधासारखं हळूहळू उतरत राहिलं. पहिली बाटली संपली, दुसरीतलं थोडं गेलं, आणि भोकाच्या काठावरून सोनेरी ओघळ निघाला. आत पुरेसं झालं की असंच बाहेर येतं, हे मात्र ऑगस्टीनने बरोबर सांगितलं. तिने वरचा बोल्ट बसवला, दोनदा आवळला, आणि साडेअकराला बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे, आणि ते खरोखरचे काळे.

बाळने टाळ्या वाजवल्या. ऑगस्टीनला दोघांनी मिळून उभं केलं, तेव्हा पहिली गोष्ट त्याने कुठली केली असेल तर ती फोन काढायची.

"मुकुल? उद्या येऊ नको रे. नाय, भाव वाढवायला नाय बोलत. ड्रायव्हर मिळाला." तो ऐकत राहिला. "माझ्यापेक्षा चांगला. नाय, खोटं नाय. मी स्वतः बघितलं."

मग त्याने खिशातून चावी काढली आणि तिच्या तेलकट पंजात ठेवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण बाळ होता. "कायदा म्हणजे कायदा," एवढंच तो म्हणाला. जोसेफीनने मूठ मिटली. मग ती घाईघाईने साबण शोधायला लागली.

दुपारी बॅटरी चार्ज करून आणली आणि चारच्या सुमारास ते निघाले. बाळने फाटक धरलं आणि अर्ध्या गावठाणाला बोलावून ठेवलं. पहिल्या झटक्याला गाडी बंद पडली, तेव्हा कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा ती अशी सुटली की हसणारा बाजूला उडाला. जोसेफीन गल्लीतून लिंक रोडला आली, दांड्यावरचा गिअर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. स्टिअरिंग जड होतं, क्लच उंचावर पकडत होता, बोनेट समोर जहाजासारखं लांब पसरलं होतं, आणि तिला वाटलं, आता कुणी कुठेही जायला सांगावं, आपण जाऊ. शेजारी ऑगस्टीन नवा गुडघा ताठ करून नसलेला ब्रेक दाबत होता.

"मागचा घरघराट निम्मा झाला," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"होय."

सिग्नलला गाडी थांबली. डावीकडून रिक्षावाला वाकून बघत होता, बाई पद्मिनी चालवतेय म्हणून.

"पहिली दोन वर्षं खरंच बदललं होतं, जोसे. शप्पत."

"असेल."

"मग तिसऱ्या वर्षी… वर तुमची मिरची उडत होती. खाली जरा बरं वाटलं."

"मला पण वाटलं," ती म्हणाली. "बोल्ट बघून झाल्यावर दहा मिनिटं मी नुसतीच पडून होते."

ऑगस्टीनने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. एक्केचाळीस वर्षं तो तिला उजवीकडून बघत आला होता. डावीकडून ती वेगळीच दिसत होती, थोडी दमलेली आणि फार खूश.

"आत अजून जुना गाळ हाय," ती पुढे बघत म्हणाली. "महिन्याने परत तेल बदलावं लागेल. मग पावसाळ्यानंतर एकदा. मग नाताळच्या आधी."

"एवढ्यांदा? पुस्तकात तर…" तो थांबला.

"गाडी कोण चालवतंय?"

"तू."

"मग खाली कोण जाणार?"

"तूच."

"आणि किती वेळ लागतो रे या कामाला? तुला अनुभव हाय, तू सांग."

सिग्नल सुटला, मागच्या बसने हॉर्न दिला. जोसेफीनने पहिला गिअर टाकला.

"नऊ ते चार," तो म्हणाला. "घाई केलेली चालत नाय. जेवणाचं मी बघतो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, बाई कामात हाय."